फोनच्या पिनेचीं चार स्थानें

घरांतील वडील माणसांच्या मुखांतील गाणीं व कहाण्या फोनवर मुद्रित करून ठेवाव्या, अशी विनंती आम्हीं या सदरांत पूर्वीं केली होती. तिला मान देऊन एका भगिनीनें आपल्या सासूबाईंच्या कहाण्या मुद्रित करावयास घेतल्या. त्या लिहितात कीं, पदरास लावावयाचा चांगला मायक्रोफोन विकत आणून फोनला जोडला, तरी आवाज पूर्वीइतकाच दुरून येतो, आणि पंख्याची घरघर मात्र स्पष्ट ऐकूं येते. मायक्रोफोन खराब निघाला असें समजून तो परत करावा काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

इतक्यांत परत करूं नये, असें आमचें उत्तर आहे. मायक्रोफोन बहुधा निर्दोष असेल. दोष असेल तो पिनेचा, आणि तोहि पिनेच्या घडणीचा नसून तिच्या जातीचा. हें आम्ही धीटपणें लिहितों याचें कारण असें कीं, हाच प्रकार आमच्या घरीं घडला, आणि त्यापायीं जें गेलें तें सर्व परत मिळालें नाहीं. म्हणून या महिन्याचें सदर बोटाच्या पेराएवढ्या या वस्तूस दिलें आहे.

औरंगाबाद शहर, ज्याचें नांव २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झालें, तेथें औरंगपुऱ्याच्या भागांत आमचें एकत्र कुटुंब राहतें. आमच्या थोरल्या वहिनी आज ८६ वर्षांच्या आहेत. त्यांचें माहेर पैठणचें. आम्ही चार वर्षांचे असतां आई वारली. त्यानंतर आम्हांस न्हाऊंमाखूं घालून शाळेंत धाडलें तें वहिनींनीं. घरांत गिरणीचें पीठ येऊं लागण्यापूर्वीं त्या पहांटे जात्यावर बसत, आणि आम्ही त्यांच्या मांडीवर डोकें ठेवून अर्धवट झोपेंत त्यांच्या ओव्या ऐकत असूं. गोदावरीचें पाणी, नाथांचा वाडा, माहेरीं न्यावयास येणारा भाऊ, असे त्या ओव्यांचे विषय. संस्कृत आम्ही पुढें गुरुजींजवळ शिकलों. परंतु छंद म्हणजे काय हें आम्हांस जात्यापाशींच कळलें होतें.

वहिनींचे थोरले चिरंजीव पुण्यास असतात व त्यांचा मुलगा अमेरिकेंत. गेल्या वर्षीं चैत्रांत या पितापुत्रांनीं आग्रह धरला कीं, आतां आजीच्या ओव्या नीट मुद्रित झाल्याच पाहिजेत. आमच्या एका कीर्तनकार स्नेह्यांनीं आपला मायक्रोफोन व लहानसा मिक्सर एका दिवसापुरता दिला. मिक्सर म्हणजे येथें स्वयंपाकघरांतील यंत्र नव्हे. निरनिराळ्या मायक्रोफोनांचे आवाज कमीअधिक करून एकत्र करणारी ती पेटी होय. पैठण दरवाज्याजवळच्या बाजारांतून आम्हीं एक तार आणली. तिच्या एका टोंकास मिक्सरला बसणारी जाड पिन होती व दुसऱ्या टोंकास फोनला बसणारी बारीक पिन. दुकानदारानें आम्हीं मागितली तीच तार दिली. अज्ञान होतें तें आमच्या मागण्यांत. पिन फोनच्या भोंकांत चपखल बसली, फोनवर हेडफोनचें चित्रहि उमटलें, आणि आम्हांस वाटलें कीं काम झालें.

वहिनी दीड तास गायिल्या. मध्यें दमल्या, पाणी प्यायल्या, आणि पुन्हां गायिल्या. एकंदर १७ गाणीं झालीं. आम्हीं वहींत प्रत्येकाचा पहिला चरण तेवढा टिपून ठेवला, कारण बाकीचें फोन ऐकतोच आहे असा आमचा भरंवसा. रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्व मंडळी ऐकावयास बसली. प्रथम ऐकूं आला तो पंखा. मग कुकरची शिट्टी. मग गल्लींतील भाजीवाला. आणि या सर्वांच्या पलीकडून, विहिरीच्या तळांतून यावा तसा, वहिनींचा आवाज. मायक्रोफोनांत शिरलेला एक शब्दहि फोनपर्यंत पोंचला नव्हता. दीड तास तो टेबलावर पडून स्वतःच्याच कानानें ऐकत होता.

असें कां झालें, हें समजण्यास पिनेचें कूळ थोडें पाहिलें पाहिजे. हें कूळ मूळचें टेलिफोनचेंच. मुंबईस पहिलें टेलिफोन एक्सचेंज १८८२ सालीं उघडलें. त्या काळच्या एक्सचेंजांत एका ग्राहकाची तार दुसऱ्यास जोडावयाची ती फळीवरील भोंकांत हातानें पिन खुपसून. मिक्सरला बसते ती पाव इंची जाड पिन त्याच वंशांतली होय. फोनला बसणारी ३.५ मिलिमीटर जाडीची पिन ही तिची धाकटी बहीण. १९७९ सालीं सोनी कंपनीचा वॉकमन आला आणि ही धाकटी घरोघर पोंचली.

आतां ही पिन हातांत घेऊन पाहावी. तिच्या धातूवर आडवे पट्टे दिसतात, बहुधा काळे. धातूच्या एका भागाचा दुसऱ्यास स्पर्श होऊं नये म्हणून घातलेला हा अडसर. पट्टे दोन असतील तर धातूचे भाग तीन. पट्टे तीन असतील तर भाग चार. तीन भागांच्या पिनेंत टोंकाशीं डाव्या कानाचा आवाज, मधल्या कड्याशीं उजव्या कानाचा, आणि बुडाशीं दोहोंची परतीची वाट, जिला तारांचें काम करणारे ग्राउंड म्हणतात. ही पिन केवळ ऐकण्याची. चार भागांच्या पिनेंत टोंक व पहिलें कडें यांचें काम तेंच राहतें; दुसरें कडें ग्राउंडचें होतें, आणि बूड मायक्रोफोनचें. फोनला कांहीं सांगावयाचें असेल तर तें या चौथ्या स्थानांतूनच.

आमच्या तारेच्या पिनेवर पट्टे दोनच होते. तीन भागांची पिन चार स्थानांच्या भोंकांत घातली म्हणजे तिचें लांब बूड ग्राउंड व मायक्रोफोन या दोन्ही जागांस एकदम टेंकतें. फोन मायक्रोफोनच्या स्थानीं सुमारें दोन व्होल्टांचा अल्प दाब ठेवून असतो. तो दाब सरळ ग्राउंडमध्यें वाहून गेला म्हणजे फोन समजतो कीं, येथें केवळ हेडफोन लागला आहे, मायक्रोफोन नाहीं. आणि तो आपला अंगचा मायक्रोफोन चालूं ठेवतो. इकडे मिक्सरचा आवाज ज्या टोंकाशीं येत होता तें तर फोनच्या आवाजाचें बाहेर पडण्याचें दार. थोडक्यांत, आम्हीं फोनच्या कानांत बोलण्याऐवजीं त्याच्या तोंडाशीं तोंड लावून बोललों.

पत्रलेखिका भगिनींनीं आपल्या मायक्रोफोनची पिन याच दृष्टीनें पाहावी. कॅमेऱ्यासाठीं केलेल्या पुष्कळ मायक्रोफोनांच्या पिनेवर दोनच पट्टे असतात. तसें असेल तर तीन भागांची पिन घेऊन चार भागांची करून देणारा लहानसा तुकडा बाजारांत मिळतो. तो फोन व मायक्रोफोन यांच्या मध्यें घालावा. बहुधा एवढ्यानेंच कार्यभाग होईल.

परंतु चार भाग आहेत एवढें पाहूनहि निश्चिंत होतां येत नाहीं, कारण चौघांच्या क्रमाचे संप्रदाय दोन आहेत. वर सांगितला तो सी. टी. आय. ए. नांवाचा क्रम, आजचे बहुतेक सर्व फोन तोच पाळतात. दुसरा ओ. एम. टी. पी. नांवाचा, नोकियाच्या व इतर कांहीं कंपन्यांच्या जुन्या फोनांत तो असे. त्यांत शेवटचीं दोन स्थानें अदलाबदल केलेलीं: दुसरें कडें मायक्रोफोनचें व बूड ग्राउंडचें. दिसावयास पिन तीच, पट्टे तेवढेच. आमच्या कपाटांतून एका जुन्या फोनचा हेडसेट निघाला, त्याचा मायक्रोफोन वहिनींच्या पदराशीं टांगूं असें मनांत होतें. तो नव्या फोनला लावून पाहिला तों मायक्रोफोन मुका. आणि गाणें लावलें तर वाद्यें ऐकूं येत, गायक मात्र नाहींसा! याचें कारणहि मौजेचें आहे. परतीची वाट तुटल्यामुळें दोन कानांस केवळ डाव्या-उजव्यांतील फरक तेवढा पोंचतो. आणि गायकाचा आवाज दोहोंकडे सारखा असल्यानें तोच कटतो.

हें पाहून आम्हांस महाभाष्यांतील इन्द्रशत्रु शब्दाची कथा आठवली. त्वष्ट्यानें इन्द्राचा नाश करणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ मांडला. शब्द बरोबर, अक्षरें बरोबर. परंतु उदात्त स्वर शेवटच्या अक्षरावर असावयाचा तो पहिल्यावर पडला. तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, इन्द्राचा मारणारा याऐवजीं इन्द्र ज्याचा मारणारा असा अर्थ झाला, आणि वृत्रच मारला गेला. शाळेंत ही कथा आम्हीं अनेक वर्षें सांगितली. स्थान चुकलें कीं अर्थ उलटतो, हें तारेच्या बाबतींतहि तितकेंच खरें आहे हें मात्र आम्हांस उतारवयांत कळावयाचें होतें.

स्थान साधलें तरी एक गोष्ट उरते, ती आवाजाच्या बळाची. मायक्रोफोनच्या तारेंतून येणारी लहर कांहीं मिलिव्होल्टांची, म्हणजे व्होल्टाच्या हजाराव्या हिश्शांत मोजावयाची असते. मिक्सरमधून बाहेर पडणारी लहर एक व्होल्टाच्या आसपास असते. ती तशीच फोनच्या मायक्रोफोन-स्थानीं सोडली तर आवाज फाटतो. कुजबूज ऐकण्यास टेंकविलेल्या कानांत शंख फुंकावा तसा हा प्रकार. म्हणून मध्यें बळ कमी करणारी योजना लागते. आमची धाकटी नात तंत्रनिकेतनांत शिकते. तिनें ती करून दिली. ज्यांस हौस आहे त्यांच्यासाठीं येथें देतों.

मिक्सरच्या रेकॉर्ड-आउटमधील एकाच बाजूची, डावी किंवा उजवी, आवाजाची तार घ्यावी. फोनची ही वाट एकेरी आहे, आणि दोन्ही बाजू थेट एकमेकींस जोडणें बरें नव्हे. त्या तारेंत ०.१ मायक्रोफॅरडचें कपॅसिटर व त्यापुढें १०० किलोओमचा रेझिस्टर घालून ती पिनेच्या बुडास जोडावी. मिक्सरचें ग्राउंड दुसऱ्या कड्यास जोडावें. बूड व दुसरें कडें यांच्या दरम्यान २.२ किलोओमचा एक रेझिस्टर घालावा. टोंक व पहिलें कडें मोकळीं ठेवावीं. येथें क्रम सी. टी. आय. ए. चा धरला आहे.

प्रत्येकाचें काम निराळें आहे. कपॅसिटर फोनचा स्थिर दाब मिक्सरमध्यें शिरूं देत नाहीं, आवाजाची लहर तेवढी जाऊं देतो. १०० किलोओमचा रेझिस्टर लहरीचें बळ सुमारें नव्वदावा हिस्सा करतो. एक व्होल्टाचे साधारण ११ मिलिव्होल्ट उरतात. आणि २.२ किलोओमचा रेझिस्टर फोनची खात्री पटवितो कीं येथें मायक्रोफोन आहे. ही खात्री आवश्यक आहे. अँड्रॉइड फोनांच्या नियमांत मायक्रोफोनचा रोध १००० ओमांहून कमी नसावा असें आहे. त्याहून कमी रोध म्हणजे हेडसेटवरील बटन दाबलें असा अर्थ घेतला जातो. २४० ओम म्हणजे आवाज वाढवा, ४७० ओम म्हणजे कमी करा. गायनाच्या व्यासपीठावरील साधा मायक्रोफोन कांहीं शें ओमांचा असतो. तो सरळ जोडल्यास फोन गाणें ऐकण्याऐवजीं बटन दाबल्याचा हुकूम ऐकावयाचा!

जुन्या हेडसेटची तार कापून पिन मिळविणारांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आंतील बारीक तारांवर रंगाचा लेप असतो. तो तापवून जाळल्यावांचून कथिलाचा डाख बसत नाहीं. आणि रंगांवर विश्वासूं नये. तांबडी तार बहुधा उजवीची असते, परंतु मायक्रोफोनच्या तारेच्या रंगाचा एकच नियम नाहीं. कोणती तार पिनेच्या कोणत्या भागास जाते हें मल्टिमीटर लावूनच ठरवावें.

ज्यांच्या घरीं डाख देणारें कोणी नाहीं त्यांनीं वाईट वाटून घेऊं नये. मिक्सर किंवा मायक्रोफोन फोनच्या चार्जिंगच्या भोंकांतून जोडून देणारीं तयार यंत्रें आतां मिळतात. नव्या फोनांपैकीं पुष्कळांस तर हेडफोनचें भोंकच नसतें. २०१६ च्या आयफोन ७ पासून ही चाल विशेष पसरली. तेथें जो जोडतुकडा लावावयाचा तो मायक्रोफोनचा आवाज आंत घेणारा आहे ना, हें आधीं विचारावें. कांहीं तुकडे केवळ ऐकण्यापुरतेच असतात. त्याच्या पलीकडील भोंकास वरील चार स्थानांचाच नियम लागू आहे.

जोडणी झाल्यावर नातीनें आम्हांस जी परीक्षा शिकविली ती सर्वांत मोलाची. मुद्रण सुरू करून मायक्रोफोनसमोर एक ते दहा आंकडे म्हणावे. मग फोनच्या खालच्या कडेवर, जेथें त्याचें स्वतःचें कानाचें छिद्र असतें, नखानें टकटक करावी. नंतर लावून ऐकावें. टकटक मोठी आणि आंकडे दूरचे आले तर फोन अजून आपल्याच कानानें ऐकत आहे. आंकडे जवळचे आणि टकटक जवळजवळ नाहींशी, तर जोडणी साधली. या परीक्षेस एक मिनिट लागतें. चैत्रांत तें एक मिनिट आम्हीं दिलें नाहीं.

आणखी दोन सूचना. मिक्सर व फोनचा चार्जर दोन्ही भिंतींतील विजेवर असतील तर दोन ग्राउंडांचा फेरा होऊन मुद्रणांत भुंग्यासारखी गुणगुण येते. आपल्याकडील विजेचीं सेकंदास ५० आवर्तनें होतात, त्यांचाच तो आवाज. फोन आधीं पुरता चार्ज करून मग चार्जर काढून ठेवावा. तसेंच फोन विमान मोडवर टाकावा. नाहीं तर एखाद्या ओवीच्या मध्येंच कोणाचा तरी फोन यावयाचा आणि मुद्रण थांबावयाचें.

ही सर्व सिद्धता झाली तोंवर ज्येष्ठ संपला होता. आषाढांत वहिनींस ताप आला व तो लांबला. कार्तिकांत त्या पुन्हां गादीवर टेंकून बसूं लागल्या, तेव्हां आम्हीं मायक्रोफोन पुढें ठेविला, आंकडे म्हटले, नखानें टकटक केली, आणि वहींतील पहिले चरण एकेक करून वाचूं लागलों. आवाज असा आला कीं, त्यांच्या श्वासासह ऐकूं यावा. बारा गाणीं झालीं. पुढच्या चरणाशीं त्या थांबल्या. आम्हीं तो दोनदां वाचला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, सूर येतो हो, शब्द येत नाहींत. परवां म्हटलें होतें ना मी हें?" परवां म्हणजे चैत्रांत. आम्हीं होय म्हटलें व वही मिटली.

राहिलेल्या पांच गाण्यांसाठीं सूनबाई तीन रात्री कानाला हेडफोन लावून चैत्रांतील तें बिघडलेलें मुद्रण ऐकत बसल्या. पंख्याच्या घरघरींतून त्यांनीं दोन गाणीं सबंध सोडवून लिहिलीं. उरलीं तीं तीन अपुरींच राहिलीं आहेत. त्यांतलें एक आमच्या मुंजींत घाणा भरतांना वहिनींनीं म्हटलेलें. त्याचीं चार कडवीं मिळालीं. पांचव्याच्या वेळीं कुकरची शिट्टी आहे.

पुण्याच्या हेमा राईरकर व मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ या उभयतांनीं आपल्या सहकाऱ्यांसह गांवोगांव हिंडून बायकांच्या तोंडच्या जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या, आणि त्यांतील पुष्कळांचें ध्वनिमुद्रणहि झालें. गिरणीनें जातें मुकें केलें तरी त्या ओव्या आज ऐकतां येतात, याचें श्रेय त्या गाणाऱ्या बायकांस आणि वेळेवर पोंचलेल्या या माणसांस आहे. परंतु प्रत्येक घरीं असें कोणी चालत येणार नाहीं. आपल्या घरचें आपल्यालाच करावें लागतें, आणि त्यासाठीं लागणारें यंत्र आतां प्रत्येकाच्या खिशांत आहे. उणें असलें तर एका पिनेचें आणि एका मिनिटाच्या परीक्षेचें.

तेव्हां भगिनींनीं पिनेवरील पट्टे मोजावे, परीक्षा घ्यावी, आणि सासूबाईंची प्रकृति बरी आहे तोंच पुन्हां बसावें. पहिलें मुद्रण वाईट आलें म्हणून तें पुसूं मात्र नये. आमचें आम्हीं जपून ठेविलें आहे.